विजोड जोडप्यांचे काळे विनोदी प्रेमपट कसे पाहावेत

विनोदी प्रेमपटाकडून आपली अपेक्षा बहुधा ठरलेली असते. दोघांनी योगायोगाने भेटावे, एकमेकांवर चिडावे, मध्येच दुरावावे आणि शेवटी एकत्र यावे. काळ्या विनोदाच्या वाटेने जाणाऱ्या प्रेमपटात मात्र नायक पहिल्याच प्रसंगात गळफास लावून घेतो, नवरा लग्नानंतर विषांची माहिती काढत बसतो, प्रेमात पडलेल्या दोघांना एकमेकांचाच खून करण्याची सुपारी मिळते, आणि हे सारे पाहताना आपल्याला हसू येते. त्या हसण्याने बरेच प्रेक्षक गोंधळतात. काही जण चित्रपट निर्दयी आहे असे म्हणून तो अर्ध्यावर सोडतात, तर काही जण ‘हे सगळे गमतीचेच आहे’ अशी स्वतःची समजूत घालून त्यातल्या दुःखाकडे पाहायचेच टाळतात. दोन्ही प्रकारांत चित्रपटाचा मोठा भाग हातचा निसटतो. हसू आणि कळ ही दोन्ही एकाच वेळी अनुभवता यावीत, यासाठी हे चित्रपट कसे पाहावेत, कशाकडे लक्ष द्यावे आणि कोणत्या क्रमाने ते घ्यावेत, याविषयी येथे लिहिले आहे.

पुढील विवेचनात काही चित्रपटांचे शेवट उघड होतात. हे चित्रपट धक्क्यावर उभे नाहीत आणि शेवट ठाऊक असताना ते अधिक खोल जाणवतात, असा माझा अनुभव आहे. तरीही ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी तो तो चित्रपट पाहून मगच त्याच्यावरचे परिच्छेद वाचावेत.

अंधार नेमका कुठे आहे?

असा चित्रपट पाहताना ‘हे दोघे एकमेकांना शोभतात का’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि ‘यातला अंधार कुठे आहे’ हा प्रश्न मनात धरावा. तो जोडप्याभोवतीच्या जगात आहे, दोघांपैकी एकाच्या मनात आहे, की दोघांच्या नात्यातच आहे? हसावे कोणाला आणि काळजी कोणाची करावी, हे या एका उत्तरावरून ठरते. ज्या प्रेक्षकाला हे उत्तर सापडत नाही त्याला मृत्यूचे विनोद केवळ चवीसाठी पेरल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात चांगल्या चित्रपटात मृत्यू हा प्रेमाचा कस लावण्यासाठी आलेला असतो.

सुरुवातीसाठी ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ (१९७१) हा चित्रपट घ्यावा, कारण त्यात विजोडपणा जितका ताणता येईल तितका ताणलेला आहे. हॅरॉल्ड हा विशीच्या आसपासचा, श्रीमंत घरातला, मरणाचे वेड लागलेला मुलगा आहे आणि मॉड लवकरच ऐंशी वर्षांची होणार आहे. अनोळखी माणसांच्या अंत्यविधीला हजर राहण्याची सवय दोघांनाही आहे आणि तिथेच त्यांची गाठ पडते. पटकथा कॉलिन हिगिन्स यांची, दिग्दर्शन हॅल अ‍ॅशबी यांचे, आणि मुख्य भूमिकांत बड कॉर्ट व रूथ गॉर्डन आहेत. प्रदर्शित झाला तेव्हा पुष्कळ समीक्षकांनी तो झिडकारला आणि तिकीटखिडकीवरही तो चालला नाही. पुढे पुन्हा पुन्हा दाखवला जाता जाता त्याला निष्ठावंत प्रेक्षक लाभला आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल फिल्म रजिस्ट्री’त, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याची नोंद झाली.

या चित्रपटाचा पहिला प्रसंग दोनदा पाहावा. हॅरॉल्ड शांतपणे रेकॉर्ड लावतो, मेणबत्त्या पेटवतो आणि गळफास घेतो. आई खोलीत येते, लटकलेल्या मुलाकडे एक नजर टाकते आणि टेलिफोनवर बोलू लागते. जाताना रात्रीच्या जेवणाची वेळ तेवढी सांगून जाते. पहिल्यांदा पाहताना आपले डोळे मुलावर खिळलेले असतात. दुसऱ्यांदा पाहताना आईकडे पाहावे. व्हिव्हियन पिकल्स यांनी ही आई कुठेही खलनायिका होऊ दिलेली नाही. ती फक्त कंटाळलेली आहे, आणि मुलाच्या मरणाचा देखावा पाहूनही कंटाळू शकणारी आई दिसताच या घरातला अंधार कुठे आहे ते कळते. पुढे एका प्रसंगात ती संगणकाच्या मदतीने स्थळे जुळवणाऱ्या संस्थेचा अर्ज मुलाच्या वतीने भरते. प्रश्न मुलासाठी असतात आणि उत्तरे ती स्वतःची देत जाते. समोर बसलेला मुलगा तोवर पिस्तुलात गोळ्या भरत असतो. या प्रसंगाची रचना विनोदी आहे, त्याची गती विनोदी आहे, आणि तरीही या मुलाला इतक्या वर्षांत कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही, ही त्यातली गोष्ट जिवाला लागणारी आहे.

आता मॉडशी लग्न करण्याचा आपला निश्चय हॅरॉल्ड जाहीर करतो, त्या भागाकडे वळू. लष्करी अधिकारी असलेले व्हिक्टर काका, मानसोपचारतज्ज्ञ आणि धर्मगुरू असे तिघे जण पाठोपाठ त्याची कानउघाडणी करतात. तिघेही समोरून, जवळजवळ सारख्याच चौकटीत दिसतात आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर एक चित्र आहे: काकांच्या मागे राष्ट्राध्यक्ष निक्सन, तज्ज्ञाच्या मागे फ्रॉइड, धर्मगुरूच्या मागे पोप. विजोड कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी स्वतःकडे घेतला आहे, त्यांना अ‍ॅशबी यांनी एका ओळीत बसवून दाखवले आहे, आणि व्हिएतनामचे युद्ध चालू असताना एका तरुणाला सैन्यात ढकलायला निघालेला माणूस त्याच तरुणाच्या प्रेमाला विकृत म्हणतो, हा विरोध त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावा लागत नव्हता. आज पाहताना तो आपण आठवणीने सोबत ठेवावा.

याच चित्रपटात डेझीच्या फुलांचा एक प्रसंग आहे. ही सगळी फुले सारखी असतात म्हणून आपल्याला त्यांतले एक व्हायला आवडेल, असे हॅरॉल्ड म्हणतो, आणि ती सारखी नसतात, प्रत्येक वेगळे असते, हे मॉड त्याला निरखून दाखवते. मग कट होतो, म्हणजे दृश्य एकदम बदलते, आणि ते दोघे एका लष्करी दफनभूमीत बसलेले दिसतात. कॅमेरा मागे मागे सरकत जातो आणि एकसारख्या पांढऱ्या स्मृतिशिळांनी चौकट भरून जाते. येथे एकही शब्द बोलला जात नाही. अशा चित्रपटांत संवादांइतकाच कट बोलतो. म्हणून जिथे विनोद संपला असे वाटते तिथे पुढच्या चित्राची वाट पाहावी आणि मध्येच दुसरीकडे लक्ष जाऊ देऊ नये.

मॉडच्या हातावर गोंदवलेला आकडा तर क्षणभरच दिसतो. छळछावणीतून वाचलेल्या माणसाची ती खूण आहे. हॅरॉल्ड ती पाहतो, आपण पाहतो आणि चित्रपट त्यावर काहीही न बोलता पुढे जातो. ज्याला तो क्षण दिसला नाही त्याला मॉड ही एक गोड, विक्षिप्त म्हातारी वाटू शकते. ज्याला दिसला त्याला कळते, की तिचा आनंद हा मरण जवळून पाहिल्यावर जाणूनबुजून निवडलेला आनंद आहे, आणि तिच्या शेजारी बसलेला मुलगा मरणाचे नाटक करत आला आहे. दोघे विजोड आहेत ते साठ वर्षांच्या अंतरामुळे नव्हे; एकीने मरण खरे पाहिले आहे आणि दुसऱ्याने त्याचा खेळ मांडला आहे, हा त्यांच्यातला खरा फरक आहे. ऐंशीव्या वाढदिवशी मॉड स्वतः ठरवून गोळ्या घेते तेव्हा हॅरॉल्डच्या पदरी पहिल्यांदा खरे मरण येते आणि त्याच्याजवळचा खेळ संपतो. हा शेवट सगळ्यांना पटतोच असे नाही. मला तो पटतो, कारण चित्रपट त्या मरणाला सुंदर करत नाही; इस्पितळातल्या धावपळीची आणि हॅरॉल्डच्या भरधाव गाडीची दृश्ये तो एकमेकांत गुंफतो, आणि त्या गुंफणीत एकही विनोद ठेवलेला नाही.

नियमावलीच्या काळात दडवलेले दुःख

जुने अमेरिकी चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३४ पासून तिथल्या स्टुडिओंवर ‘प्रॉडक्शन कोड’ ही नियमावली कडकपणे लागू झाली आणि १९६८ मध्ये वयोगटानुसार वर्गवारी आल्यावर ती संपली. विवाहबाह्य संबंध, आत्महत्या, गुन्ह्याला शिक्षा न होणे अशा गोष्टी दाखवण्यावर तिची बंधने होती. त्यामुळे त्या काळातले दिग्दर्शक बऱ्याच गोष्टी बंद दारामागे ठेवतात आणि एखादी वस्तू किंवा आवाज पुढे करतात. १९७१ च्या चित्रपटात जे उघड दिसते ते १९६० च्या चित्रपटात वस्तूंमधून वाचावे लागते, आणि अशा वाचनाची एकदा सवय झाली की हे जुने चित्रपट जपून चालणारे वाटत नाहीत, धीट वाटू लागतात.

याचा सर्वांत चांगला अभ्यास बिली वाइल्डर यांच्या ‘द अपार्टमेंट’ (१९६०) या चित्रपटात होतो. न्यू यॉर्कमधील एका विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली वरिष्ठांना देत राहतो आणि ते तिथे आपल्या चोरट्या भेटी उरकतात. त्याला आवडणारी लिफ्टचालक फ्रॅन ही त्याच घरात त्याच्या साहेबाला, शेल्ड्रेकला, भेटायला येते. जॅक लेमन, शर्ली मॅक्लेन आणि फ्रेड मॅकमरे यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि मूळ पटकथा यांसह पाच ऑस्कर मिळाले. इथला अंधार दोघांच्या बाहेर आहे, तो कार्यालयाच्या रचनेत आहे. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनर यांनी टेबलांच्या रांगा मागे मागे जाताना लहान होत जातील अशी मांडणी केली आणि त्यामुळे ते कार्यालय संपता संपत नाही असे भासते. त्या दृश्यात बॅक्स्टरला शोधावे लागते, आणि माणूस इतका छोटा दिसत असेल तर तो आपल्या घराची किल्ली का देतो, याचे उत्तर संवाद सुरू होण्यापूर्वीच मिळते.

या चित्रपटात एका हातआरशाचा माग काढावा. फ्रॅनची तडकलेल्या आरशाची डबी बॅक्स्टरला आपल्या घरात सापडते आणि ती तो शेल्ड्रेकच्या हाती देतो. नंतर कार्यालयातल्या नाताळच्या समारंभात नवी टोपी कशी दिसते हे पाहण्यासाठी फ्रॅन त्याला तोच आरसा देते. त्या क्षणी त्याला स्वतःचा चेहरा तडकलेला दिसतो आणि सर्व काही उमगते. कोणी काही कबूल करत नाही, कोणी रडत नाही. त्याच रात्री फ्रॅन त्याच्या घरात झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचे डॉक्टर तिला शुद्धीवर आणतात तो प्रसंग वाइल्डर यांनी अगदी कोरडा आणि कठोर ठेवला आहे: थपडा, कडक कॉफी, बळेच चालवत राहणे. भिंतीपलीकडचे आवाज ऐकून बॅक्स्टर मोठा रंगेल आहे अशी या डॉक्टरांची समजूत झालेली असते आणि चित्रपटाच्या पहिल्या भागात आपण त्या गैरसमजावर मनसोक्त हसलेलो असतो. आता तेच डॉक्टर तिच्या अवस्थेसाठी त्याला जबाबदार धरतात. आधीचा विनोद परत येऊन आरोप होतो, आणि तो आरोप पूर्णपणे खोटाही नसतो, कारण किल्ली त्यानेच दिलेली असते.

काळ्या विनोदातली ही युक्ती ओळखायला शिकावे: जो विनोद पहिल्यांदा निरुपद्रवी होता तो दुसऱ्यांदा कोणत्या वेळी परत येतो? बॅक्स्टरने एकदा प्रेमभंगातून पिस्तूल उचलल्याची आणि गोळी गुडघ्याला लागल्याची हकिकत गमतीच्या सुरात सांगितलेली असते. शेवटी फ्रॅन जिना चढत असताना आतून बार उडाल्यासारखा आवाज येतो आणि तिच्याबरोबर आपलेही काळीज थांबते. शॅम्पेनचे बूच उडालेले असते. ती जुनी हकिकत लक्षात नसेल तर हा केवळ एक आवाज आहे. लक्षात असेल तर त्या क्षणी कळते, की या दोघांनाही मरणाचा मोह होऊन गेला आहे आणि वरवर साध्या दिसणाऱ्या त्या जोडीला एकत्र बांधणारी गोष्ट तीच आहे.

अंधार जेव्हा नवऱ्याच्या मनात असतो

दुसऱ्या प्रकारच्या चित्रपटांत जग बरेचसे सामान्य असते आणि दोघांपैकी एकाच्या डोक्यात खून असतो. एलेन मे यांचा ‘अ न्यू लीफ’ (१९७१) हा या प्रकारातला माझा सर्वांत आवडता चित्रपट आहे. पटकथा, दिग्दर्शन आणि नायिकेची भूमिका अशी तिन्ही कामे मे यांनीच केली आहेत. वॉल्टर मॅथाऊ यांनी रंगवलेला हेन्री हा वारशातली सगळी संपत्ती उडवून बसलेला ऐदी गृहस्थ आहे. श्रीमंत बायकोशी लग्न करून पुढे तिला संपवायचे असा त्याचा बेत आहे, आणि ती बायको म्हणून त्याला हेन्रिएटा सापडते: अफाट पैसा असलेली, स्वतःकडे कधीच लक्ष न देणारी, नेच्यांच्या, म्हणजे फर्न जातीच्या वनस्पतींच्या, अभ्यासात बुडालेली वनस्पतिशास्त्रज्ञ.

येथे घाई केली तर काहीच मिळत नाही. लग्नाच्या रात्री हेन्रिएटा ग्रीक धाटणीचा झगा घालते आणि तिचे डोके चुकीच्या भोकातून बाहेर येते. हेन्री ते नीट करण्यासाठी झटू लागतो. हा प्रसंग विनोदासाठी लागतो त्याहून पुष्कळ लांब चालतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण तिच्या वेंधळेपणाला हसतो, मग त्याच्या चिडचिडीला हसतो, आणि प्रसंग संपतच नाही म्हटल्यावर लक्षात येते, की तिला मारायला निघालेला हा माणूस किती मन लावून तिला एका कपड्यातून सोडवतो आहे. पुढे तो तिला लुबाडणाऱ्या नोकरांना काढून टाकतो आणि घराचे हिशेब ताळ्यावर आणतो. हे सारे तो आपल्या भावी मालमत्तेच्या काळजीने करतो. तरीही ती काळजी रोज घेता घेता सवय होते. हेन्रीला प्रेम जाणवण्याआधी त्याच्या हातांना ते जाणवलेले असते, म्हणून या चित्रपटात त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे अधिक पाहावे. शेवटी नदीच्या वेगवान पाण्यात होडी उलटते. हेन्रिएटाला पोहता येत नाही, आणि त्याला काहीही न करता सुटका मिळू शकते. तिने शोधलेल्या आणि त्याचे नाव दिलेल्या नेच्याची आठवण त्याला वळवते. आपले नाव कोणीतरी जपून ठेवले होते, हे त्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलेले असते.

मे यांनी तयार केलेला मूळ चित्रपट याहून बराच लांब आणि अधिक काळा होता; पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने तो त्यांच्याकडून काढून घेऊन कापला आणि मे यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, पण प्रदर्शित झाली ती कंपनीचीच आवृत्ती. त्यामुळे मधल्या भागात काही ठिकाणी कथा घाईत पुढे सरकल्यासारखी वाटते. ती घाई मनावर घेऊ नये. जे उरले आहे तेही फार मोलाचे आहे.

मे यांचाच ‘द हार्टब्रेक किड’ (१९७२) याच्या पाठोपाठ पाहिला तर एक महत्त्वाची सवय लागते: प्रसंगात कोण हसत नाही ते शोधण्याची. मधुचंद्राला आलेला लेनी तिथेच दुसऱ्या मुलीच्या मागे लागतो आणि एका उपाहारगृहात आपल्या नव्या बायकोला, लिलाला, लग्न मोडत असल्याचे सांगतो. सांगण्याआधी तो तिथे ‘पेकन पाय’ हा गोड पदार्थ मिळत नाही यावरून मोठा तमाशा करतो. विनोदाचे सारे काम चार्ल्स ग्रोडिन यांच्या बोलण्यात आहे, पण नजर जीनी बर्लिन यांच्या चेहऱ्यावर ठेवावी. त्या एलेन मे यांच्या कन्या, आणि या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. लिलाला काय चालले आहे ते कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा सगळा वेळ दिग्दर्शिकेने तिला दिला आहे. आपण लेनीच्या बडबडीवर हसत असतो आणि समोर एक बाई कोसळत असते. त्या प्रसंगात हसू आटते तिथे थांबून, नेमके कुठल्या वाक्यावर आटले, हे आठवून पाहावे.

कायदाच विनोद झाला तेव्हा

इटलीच्या प्येत्रो जेर्मी यांचा ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ (१९६१) पाहण्यापूर्वी मात्र थोडी माहिती अत्यावश्यक आहे, कारण तिच्याशिवाय त्याचा विनोद हवेत राहतो. त्या वेळी इटलीत घटस्फोटाला कायद्याची मान्यता नव्हती. ती १९७० मध्ये आली. उलट दंडसंहितेच्या ५८७ व्या कलमान्वये, पत्नी, मुलगी किंवा बहीण हिचे अनैतिक संबंध उघडकीस येताच संतापाच्या भरात तिला ठार मारणाऱ्या पुरुषाला तीन ते सात वर्षे इतकी सौम्य शिक्षा होत असे. हे कलम १९८१ मध्ये रद्द झाले. म्हणजे सिसिलीतला सरदार फेफे याला बायको नको असेल तर तिला सोडण्याचा मार्ग बंद होता आणि तिला मारण्याचा मार्ग जवळजवळ खुला होता. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांचा फेफे तरुण चुलतबहिणीच्या प्रेमात पडल्यावर थंड डोक्याने ठरवतो, की बायकोने व्यभिचार करावा यासाठी आपणच एक प्रियकर शोधून द्यावा.

हा चित्रपट फेफेच्या निवेदनातून उलगडतो. त्यामुळे आपण सतत त्याच्या बाजूने पाहतो, आणि हीच त्याची सर्वांत धारदार खेळी आहे. बायको रोसालिया ही त्याच्या नजरेतून दिसते: चिकटणारी, बडबडी, ओठांवर लव असलेली. पहिल्यांदा पाहताना ही थट्टा क्रूर वाटली तर ती भावना दडपू नये. दुसऱ्यांदा पाहताना त्याचे निवेदन मनातल्या मनात बाजूला काढून डॅनिएला रोक्का काय करत आहेत ते पाहावे. त्या घरात नवऱ्यावर खरेखुरे प्रेम करणारी ती एकटीच आहे असे मला दर वेळी वाटते. फेफे न्यायालयात दुसऱ्याच कोणाचा तरी खटला ऐकताना वकिलाचे अलंकारिक भाषण आपल्यासाठीच चालले आहे अशी कल्पना करत जातो, ते प्रसंग सावकाश, सबटायटल्स नीट वाचून पाहावेत. खुनाला प्रतिष्ठेचा वेश चढवणारी भाषा कशी तयार होते हे तिथे ऐकू येते. शेवटी त्याला हवी ती तरुणी मिळते आणि बोटीवर त्याच्या मिठीत असतानाच तिचा पाय सुकाणू धरलेल्या तरुणाच्या पायाला लागतो. फेफेला ते दिसत नाही. या चित्रपटाच्या मूळ पटकथेला ऑस्कर मिळाला आणि तो मिळणे अगदी रास्त होते.

दोघांच्या नात्यातच अंधार असलेले चित्रपट मी शेवटी ठेवतो, कारण त्यांत आधार घ्यायला कोणीच उरत नाही. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘प्रिझीज ऑनर’ (१९८५) मध्ये जॅक निकल्सन आणि कॅथलीन टर्नर हे दोघेही पैसे घेऊन खून करणारे आहेत आणि त्यांचे प्रेम खोटे नाही, इतके ध्यानात ठेवले की पुरे. डॅनी डिव्हिटो यांच्या ‘द वॉर ऑफ द रोझेस’ (१९८९) मध्ये मायकल डग्लस आणि पुन्हा टर्नर यांचे लग्न एका घराच्या मालकीवरून उद्ध्वस्त होते. हा चित्रपट काळजीपूर्वक निवडलेल्या वेळी पाहावा. स्वतःच्या नात्यात ताण असताना तो विनोदी वाटत नाही. झुंबरासह खाली कोसळल्यावर मरता मरता नवरा बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो आणि ती तो हात दूर सारते. डिव्हिटो यांनी हा हात तसाच ठेवला, समेट दाखवला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

पाहण्याची पद्धत

एका बैठकीत दोन चित्रपट घेऊ नयेत. यांच्यातला परिणाम उशिरा उतरतो आणि दुसरा चित्रपट लगेच लावला तर पहिल्याची कळ बोथट होते. पहिल्या वीस मिनिटांत पात्रे आवडली नाहीत तरी पाहत राहावे. या प्रकारात पात्रे आवडावीत अशी सोय दिग्दर्शक मुद्दामच उशिरा करतो. एखादा प्रसंग फार लांबला असे वाटले तर तो पुढे ढकलू नये, कारण लांबवणे हेच इथे बहुधा विनोदाचे आणि वेदनेचे साधन असते. संगीताकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. ‘हॅरॉल्ड अँड मॉड’मध्ये कॅट स्टीव्हन्स यांची गाणी प्रसंगाच्या करुणेत भर घालत नाहीत, ती पुष्कळदा प्रसंगाच्या विरुद्ध दिशेने चालतात, आणि त्या विरोधामुळेच प्रसंग रडवेला होत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी एखादा आवडलेला प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. कोण कोणाकडे पाहतो आणि कोण पाहायचे टाळतो हे तेव्हा स्वच्छ दिसते.

या चित्रपटांत आत्महत्येचे प्रसंग वारंवार येतात. ज्यांना तो विषय जवळचा आणि दुखरा आहे त्यांनी स्वतःवर बळजबरी करून ते पाहण्याचे काहीही कारण नाही. सोबत कोणीतरी विश्वासाचे असावे, किंवा सरळ ‘अ न्यू लीफ’पासून सुरुवात करावी. इतरांसाठी ‘हॅरॉल्ड अँड मॉड’, ‘द अपार्टमेंट’, ‘अ न्यू लीफ’, ‘द हार्टब्रेक किड’, मग जेर्मी आणि सर्वांत शेवटी ‘द वॉर ऑफ द रोझेस’ हा क्रम मला योग्य वाटतो, कारण त्यात अंधार बाहेरून हळूहळू आत येत जातो. ‘प्रिझीज ऑनर’ या क्रमाच्या मधल्या भागात कुठेही बसतो.

चार-सहा जणांनी मिळून पाहत असाल तर चित्रपट संपल्यावर ‘आवडला का’ असे विचारू नये. ज्या क्षणी आपले हसू थांबले तो क्षण प्रत्येकाने सांगावा. उत्तरे क्वचितच जुळतात. ‘द अपार्टमेंट’मध्ये कोणाचे हसू आरशापाशी थांबलेले असते, कोणाचे झोपेच्या गोळ्यांपाशी, तर कोणाचे पहिल्याच किल्लीपाशी, आणि ज्याचे पहिल्याच किल्लीपाशी थांबले त्याला कारण विचारून मग तो भाग सगळ्यांनी मिळून पुन्हा लावावा.